दारफळणीला कोणी दार वाजवत नाही

कुवेतला जाऊन आल्याचं मी नातेवाइकांपासून बरीच वर्षं लपवून ठेवलं. कोणी विचारलं तर सांगायचो, पुण्याला मशीन बसवायला गेलो होतो. पुण्याहून कोणी खजुराचे चार डबे घेऊन येत नाही, पण आमची मंडळी खजूर खाण्यात गुंतली आणि पुढचं विचारायचं विसरली. आता मी निवृत्त झालोय, लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज कधीकाळी गलबत फुटून नावगावच्या किनाऱ्याला लागले असं आम्हाला लहानपणापासून सांगितलं गेलंय. पुढे ते अलिबाग-मुरूडच्या गावागावांत पसरले आणि घाण्यावर तेल काढायला लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आडनावं गावावरून आली. आम्ही मुरूडजवळच्या नांदगावचे, म्हणून नांदगावकर. भाषा मराठी, बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र. माझ्या आईला तुझा देश कुठला असं विचारलं तर ती सकाळी इस्राएल सांगायची आणि संध्याकाळी नांदगाव.

१९९६ साली ती माझ्या धाकट्या भावाबरोबर कायमची इस्राएलला गेली, अश्दोदला. मी गेलो नाही. माझं कारण साधं होतं, मला ठाणं सोडायचं नव्हतं. पण विमानतळावर तिने शेवटचं विचारलं, ‘येतोस का पुढच्या वर्षी?’, आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, ‘तिथे मरायलाच चाललीयेस ना, मग मेल्यावरसुद्धा मला कळवू नकोस.’ आईने ट्रॉलीवरची पिशवी उगाचच सरळ केली आणि आत गेली. नंतर आम्ही फोनवर बोलायचो, हवापाणी, गुडघे, नातवंडं, सगळं बोलायचो. ते वाक्य मात्र दोघांनी कधी काढलं नाही.

आमच्यात वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस म्हणजे योम किप्पूर. पूर्ण दिवस निर्जळी उपास. कोकणात त्याला दारफळणीचा सण म्हणायचे, कारण त्या दिवशी आमची माणसं दाराला फळ्या लावून आत बसायची, बाहेरच्यांशी बोलायचं नाही, कोणाला शिवायचं नाही. त्याच्या आदल्या संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, ज्यांना ज्यांना दुखावलं त्यांची माफी मागायची. माणसाशी केलेला अपराध देव माफ करत नाही, त्या माणसानेच करायचा असतो. चार वर्षं मी आईला त्या दिवशी फोन करून ‘वर्षभरात काही चुकलं असेल तर’ असं घाईघाईने उरकत आलो होतो. २००० साली आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, आणि तेही उपासाच्या दुसऱ्या दिवशी. या वेळी उरकून चालणार नव्हतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात मी कुवेतमध्ये अडकलो.

महबूला

मी छपाईच्या ऑफसेट मशीनचा मेकॅनिक. कुवेतच्या शुवैख भागातल्या एका प्रेसमधलं जुनं जर्मन मशीन बिघडलं होतं, आणि तसल्या मशीनला हात लावणारी माणसं मुंबईत आम्ही दोघं-तिघंच उरलो होतो. चार दिवसांचं काम, नव्याचा सण, म्हणजे आमचं नवं वर्ष, घरी करून सोमवारी निघायचं आणि शुक्रवारी परत, उपासाच्या आत. मुंबईतल्या एजंटाने व्हिसाचा अर्ज भरताना माझं नाव वाचलं, सॅमसन नांदगावकर, आणि धर्माच्या रकान्यात न विचारताच ‘ख्रिश्चन’ लिहिलं. मी समोर बसलो होतो. तोंड उघडलं नाही. सहीसुद्धा केली.

विमानातून उतरलो तेव्हा सकाळचे आठच वाजले होते, पण बेकरीच्या भट्टीचं दार उघडावं तशी झळ अंगावर आली. प्रेसचा ड्रायव्हर मला मुद्दाम समुद्राकाठच्या रस्त्याने घेऊन गेला. दस्मान भागातले, निळ्या गोल टाक्यांचे कुवेतचे प्रसिद्ध मनोरे दिसले, समुद्र अगदी गुळगुळीत, ना लाट ना आवाज. मुरूडचा समुद्र बघितलेल्या माणसाला तो समुद्र आजारी वाटतो.

राहायची सोय महबूलाला, एका उंच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. खोलीतला जोडीदार विलास, गुहागरकडचा इलेक्ट्रिशियन, सात वर्षं तिथे एकटा राहिलेला, अतिशय सज्जन माणूस. पहिल्याच संध्याकाळी त्याने मला कुळथाची पिठी आणि भात करून घातला. त्या महिन्यात पॅलेस्टाईनमध्ये धुमश्चक्री पेटली होती, प्रत्येक दुकानात, प्रत्येक जिन्याखालच्या टीव्हीवर तीच चित्रं चालू होती. भात कालवता कालवता विलास म्हणाला, ‘हे ज्यू कसे दिसतात हो, नांदगावकरसाहेब? मी अजून एकपण बघितला नाही.’ मी म्हणालो, ‘मीपण नाही.’  चेष्टेत सांगतोय आता, पण तेव्हा मी ताटातला भात नुसता कालवत राहिलो. पकडलं गेलो तर काय होईल हे मला नक्की ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलीच भीती जास्त असते. अर्जावर खोटं लिहिलेलं होतं, ते माझ्या सहीने.

मी हळू बोलायला लागलो. फोनच्या दुकानातून बायकोला, रिबेकाला, ठाण्याला फोन करायचो तेव्हासुद्धा कुजबुजायचो. त्या दुकानात पातळ लाकडी फळ्यांच्या खोल्या होत्या, शेजारचा माणूस केरळमधल्या बायकोशी भांडताना मला शब्दन्‌शब्द ऐकू यायचा. म्हणजे त्यालाही माझा यायचा.

गुरुवारी मशीनचं एक मोठं बेअरिंग गेलं. नवं यायला रविवार उजाडणार होता. शुक्रवारचं तिकीट रद्द झालं, आणि मी हिशेब केला: रविवारी संध्याकाळी उपास सुरू, सोमवारी उपास, मंगळवारी सकाळी आईचं ऑपरेशन. कुवेतहून इस्राएलला फोन लागतच नाही, तशी लाइनच नाही. रिबेकाने तोडगा काढला. शेजारच्या कुलकर्णी वहिनींच्या फोनची वायर लांब होती, जिना ओलांडून आमच्या दारापर्यंत यायची. एका फोनवर मी, दुसऱ्यावर आई, आणि दोन्ही रिसीव्हर उलटसुलट एकमेकांना टेकवून धरायचे. ‘तुम्ही फक्त सूर्य मावळायच्या आत करा,’ ती म्हणाली. ‘आई दिवे लावल्यावर फोन उचलणार नाहीत. ठाण्यात तोवर उपास लागलेला असेल, त्याचं मी देवाशी बघून घेईन.’

शुक्रवारचं जेवण

प्रेसमध्ये बाइंडिंग खात्याचे फोरमन होते दाऊदभाई. साठीला आलेले, पांढरी आखूड दाढी, कागदाचा गठ्ठा नुसता अंगठ्याने फिरवून पानं मोजणारे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘नांदगावकर? आमी पण नांदगावचे. मुरूडच्या नांदगावचे.’  परदेशात गाववाला भेटला की माणसं मिठी मारतात. मी म्हणालो, ‘आमचं नाशिककडचं नांदगाव. रेल्वेचं.’ दाऊदभाई ‘असं, असं’ म्हणाले आणि कामाला लागले.

तरी शुक्रवारी त्यांनी मला जेवायला बोलावलंच. महबूलातच दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं घर. त्यांच्या पत्नी खतीजाभाभी यांनी कोकण टेबलावर मांडलं होतं: तांदळाच्या पातळ भाकऱ्या, नारळाच्या दुधातलं मटण, कोलंबीचं सुकं, वाटीत घट्ट दही. त्या वासाने मला नांदगावची माझी आत्या आठवली आणि त्याच क्षणी घाम फुटला. आमच्यात खवलं नसलेलं समुद्रातलं काही चालत नाही. मांस आणि दूधदुभतं एका जेवणात चालत नाही. परक्याच्या घरचं मटण खरं तर तेही चालत नाही, पण ते नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. मटण खाल्लं. कोलंबीची ॲलर्जी आहे म्हणालो. दह्याने सर्दी होते म्हणालो. बाहेर त्रेचाळीस डिग्री तापमान होतं.

दाऊदभाईंनी आईवडिलांची चौकशी केली. आईचं मंगळवारी ऑपरेशन आहे हे मी बोलून गेलो, आणि कुठे, तर मुंबईत, हे खोटंही त्याच दमात जोडून दिलं. खतीजाभाभींनी हात जोडल्यासारखं करून काहीतरी पुटपुटलं, आईसाठी. मला लाज वाटली.

सगळं निभावलं असं वाटत होतं. मी उठलो, चपला घातल्या, त्यांचे आभार मानत दारातून बाहेर पडलो. आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला, दाराच्या चौकटीला लागला आणि बोटं ओठांपाशी आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या प्रत्येक घराच्या उजव्या चौकटीला एक बोटाएवढी डबी तिरकी ठोकलेली असते, आत वचन लिहिलेली गुंडाळी. तिला मेझुझा म्हणतात. आत-बाहेर करताना तिला हात लावून बोटांचं चुंबन घ्यायचं. पन्नास वर्षं दिवसातून वीस वेळा केलेली गोष्ट आहे ती, हाताला विचारून होत नाही. पण हे फक्त आमच्याच घरांतलं. कुवेतमध्ये रिकाम्या चौकटीला हात लावून बोटं ओठांना लावणारा माणूस एकच असू शकतो.

मी हात खाली घेतला आणि नाक खाजवल्यासारखं केलं. मान वळवली तर दाऊदभाई माझ्याकडे नाही, चौकटीकडे बघत होते. मग म्हणाले, ‘सावकाश जा.’ बस, एवढंच.

दसरा

शनिवारी दसरा होता. विलासने सकाळी उठून टेस्टर, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर टॉवेलवर ओळीने मांडले, हळदकुंकू वाहिलं. आपट्याची पानं तिथे कुठली मिळायला, त्याने बोगनवेलीची चार पानं तोडून आणली आणि मला एक दिलं. प्रेसमध्ये गेल्यावर तेच मी दाऊदभाईंपुढे केलं, काहीतरी बोलायला निमित्त हवं म्हणून. त्यांनी पान खिशात ठेवलं, मान वर करून बोटांवर काहीतरी मोजलं आणि विचारलं, ‘म्हणजे आज दसरा?’ मी हो म्हणालो. ते पुढे काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मला दिवसभर खात राहिलं. ते कोणाशीही हळू आवाजात बोलले की मला वाटायचं, माझ्याबद्दलच. प्रेसचं कागदोपत्री काम करणारे मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत फेऱ्या मारणारे गृहस्थ, एकदा माझ्याकडे बघून हसले, तर मी शौचालयात जाऊन पाच मिनिटं बसून राहिलो.

रविवार

बेअरिंग सकाळी आलं, दुपारी बसलं. दोन वाजता मशीन सुरू झालं आणि पहिला रंगीत कागद स्वच्छ बाहेर आला तेव्हा मालक स्वतः खाली उतरले. उंच, हसतमुख माणूस, वडिलांच्या मुंबईच्या व्यापारामुळे थोडं हिंदी येणारा. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि सांगून टाकलं की इंजिनियरने आज त्यांच्या खैरानच्या बंगल्यावर यायचं, समुद्रावर, मासे भाजायचे, साडेतीनला गाडी निघेल.

खैरान दक्षिणेला, जवळपास सौदीच्या सीमेला. तिथून सूर्यास्तापूर्वी परत येणं अशक्य. तिथे फोन मागितला तर सगळ्यांसमोर बोलावं लागणार. उपास सुरू झाल्यावर माझ्यापुढे ताट येणार. आणि तिथल्या रीतीप्रमाणे यजमानाचं जेवण नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. मी नुसता हसत उभा राहिलो. घड्याळात अडीच वाजले होते.

तेवढ्यात दाऊदभाई मालकांकडे गेले. दोघं अरबीत बोलू लागले. दाऊदभाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मालकांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दाऊदभाईंकडे पाहिलं, काहीतरी विचारलं. मी हातातला पाना घट्ट धरला होता. पळायचं म्हटलं तर कुठे पळणार, पासपोर्ट मंदूबच्या कपाटात.

मालक सरळ माझ्यापाशी आले आणि खांद्यावर हात ठेवला. ‘माँ का ऑपरेशन, और आप बोला नहीं?’ ते म्हणाले. ‘खैरान बाद में. जाओ, माँ से बात करो.’

दाऊदभाई मला त्यांच्या गाडीत घालून निघाले. शुवैखपासून पाऊण तासाचा रस्ता, आणि त्या दिवशी वाहनांची ही गर्दी. मी आभार मानत होतो, ते ऐकत नव्हते. एका सिग्नलला गाडी थांबली. समोर बघतच ते म्हणाले, ‘सॅमसनभाय, उद्या तुमची दारफळणी ना?’

हा शब्द मी वडिलांनंतर कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. ठाण्यात आमची माणसंसुद्धा आता किप्पूरच म्हणतात. नाकारण्यासाठी मी तोंड उघडलं, पण ते बोलतच राहिले.

‘दसऱ्याच्या मागंपुढं तुमची दारफळणी,’ दाऊदभाई म्हणाले. ‘काल तुमी पान दिलंत तवा माज्या ध्यानात आलं. आणि नाशकाची माणसं कोलंबी नको म्हणतील, पण दह्याला कशाला नाय म्हणतील?’

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या आज्याने नांदगावातलं घर आमच्यातल्याच एका तेल्याकडून विकत घेतलं होतं. तो माणूस इस्राएलला गेला, जाताना चौकटीवरची डबी काढून घेऊन गेला, लाकडात तिरकी खाच राहिली. पुढे कधीमधी मुंबईहून त्याची भावंडं गावी यायची, दारात थांबून त्या रिकाम्या खाचेला हात लावायची. दाऊदभाई तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते. ‘आमचा बाबा दर दोन वर्षांनी चौकट रंगवायचा,’ ते म्हणाले, ‘पण ती खाच मोकळी सोडायचा. म्हणायचा, मालक परत आला तर त्याला जागा गावायला पायजे.’

मी रडलो. पन्नाशीचा माणूस, अंगावर ग्रीसचे डाग, कुवेतच्या हमरस्त्यावर. दाऊदभाईंनी गाडीतला टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि हॉर्न वाजवला, कारण पुढचा हलत नव्हता.

त्यांच्या घरी पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. आईचा फोन पाचला ठरला होता, अश्दोदला तेव्हा चार. खतीजाभाभींनी आधी मला जेवायला बसवलं. डाळ, भात, तळलेला पापलेट. दही नव्हतं, कोलंबी नव्हती. त्यांना कोणी सांगितलं होतं की त्यांचं त्यांना कळलं, मी विचारलं नाही.

पाचला ठाण्याचा फोन लागला. इथला नंबर आधी रिबेकाला उतरवून घ्यायला सांगितला. रिबेकाने रिसीव्हर टेकवले. आधी नुसती खरखर, मग हंड्यातून यावा तसा आईचा आवाज.

‘जेवलास का?’

‘जेवलो. आई, ऐक…’

‘कुठून बोलतोस? असा विहिरीत पडल्यासारखा?’

त्या संध्याकाळी खोटं बोलायचं नसतं. मी सांगितलं, कुवेतहून.  मग आईने अगदी घाबऱ्या आवाजात विचारलं, कोणाच्या घरी आहेस. नांदगावच्या दाऊदभाईंच्या, मी म्हणालो.

‘नांदगावचा कोणाचा दाऊद?’ आईने विचारलं. ती गाव सोडून चाळीस वर्षं झाली होती. दाऊदभाईंनी शेजारून आपल्या वडिलांचं नाव सांगितलं, मी ते पुढे सांगितलं, आणि आईने सोडलेला श्वास मला ठाण्यामार्गे ऐकू आला.

मग मी म्हणालो. विमानतळावर मी जे बोललो त्याबद्दल मला माफ कर. आईला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो. पुन्हा नाही. मध्येच रिबेकाचा आवाज आला, ‘अहो, ओरडा. त्यांना काही कळत नाहीये.’

सहा दिवस कुजबुजत होतो मी. खिडकी उघडी होती, खाली रस्त्यावर माणसं होती. दाऊदभाई उठून खिडकी बंद करतील असं वाटलं, पण ते हललेच नाहीत. मी ओरडलो, ‘आई, मेल्यावर कळवू नकोस म्हणालो होतो मी. मला माफ कर.’

आणि फोन कटला. परदेशी बोलायचं, आधी पैसे भरलेलं कार्ड संपलं होतं.

नवं कार्ड आणायला दाऊदभाई खाली धावले. दोन दुकानांत मिळालं नाही, तिसऱ्यात मिळालं. परत येऊन लावेपर्यंत ठाण्याची लाइन लागेना, सतत एंगेज. रिबेका तिकडून आम्हालाच लावत होती बहुतेक. साडेपाचला मशिदीतून बांग झाली. सूर्य गेला होता. मी उठलो आणि खोलीवर निघालो. उत्तर न घेताच.

सोमवार

पांढरं काही नेलं नव्हतं, पांढरा बनियन आणि विलासचा धुतलेला लेंगा घातला. माझं पोट बिघडलंय असं त्याला सांगितलं होतं, तो बिचारा जिरेपूड ठेवून पहाटेच कामावर गेला. प्रार्थनेचं पुस्तक भीतीने आणलंच नव्हतं. पाठ होतं तेवढं म्हटलं, ते संपल्यावर पहिल्यापासून म्हटलं. तहान लागली, मग लागेनाशी झाली. आई काय म्हणाली असेल? म्हणाली नसेलच काही, तर? उद्या तिला भूल देतील. आमच्यात त्या दिवशी देव पुढच्या वर्षीचा जन्म-मृत्यू लिहून वही मिटतो असं मानतात. मी त्या वहीच्या विचाराने खोलीत येरझारा घालत होतो.

अकराच्या सुमारास बाहेर पावलं वाजली. मंदूबचा आवाज ओळखला. अरबीतले दोनच शब्द मला कळले, ‘हिंदी’ आणि ‘जवाज’, म्हणजे पासपोर्ट. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. आता कडी वाजेल, मग उघडावं लागेल, मग कागद पुढे येईल. पण कडी वाजली नाही. दुसरा एक आवाज शांतपणे काही सांगत होता. थोड्या वेळाने लिफ्टचं दार लागलं. तो दुसरा आवाज कोणाचा, ते त्या वेळी माझ्या डोक्यातच शिरलं नाही.

संध्याकाळी खिडकीतून तीन तारे मोजले. उपास सुटला. दार उघडलं तर समोर लिफ्टशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर दाऊदभाई बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र, पायाशी झाकलेला डबा.

ते सकाळपासून तिथे होते. मंदूब व्हिसा दोन दिवस वाढवण्यासाठी माझी सही घ्यायला आला होता, त्याला त्यांनी तापाचं सांगून परत पाठवलं. मालकांना सांगून ठेवलं होतं की नवं बेअरिंग बसवलं की मशीन एक दिवस थंड ठेवावं लागतं. मी तीस वर्षं मशीनं दुरुस्त केली, असा नियम कुठे ऐकला नाही.

‘तुमच्या घरचा फोन आला व्हता,’ दाऊदभाई म्हणाले. ‘काल मगरिबच्या नमाजानंतर, तुमी गेल्यावर दहा मिनटांनी.’

मी विचारलं, ‘काल? मग मला सांगितलं का नाहीत?’

‘दारफळणीला तुमच्या दारावर कोणी टकटक करायची नाय,’ ते म्हणाले, जणू मलाच ही रीत ठाऊक नसावी. ‘आमच्या बाबानं आमाला शिकवलं. त्या दिवशी तुमच्या गोठ्यातली म्हैस आमी पिळायचो, दूध दारात ठेवायचो, पण हाक मारायची नाय.’

चोवीस तास ते निरोप घेऊन फिरत होते, त्यातले दहा तास माझ्या दारापासून चार पावलांवर बसून. मला राग आला, खरं सांगतो. हसूही आलं. मी भिंतीला टेकलो आणि विचारलं, काय निरोप आहे.

कट झाली होती ती फक्त माझी लाइन. आई ठाण्याच्या दुसऱ्या रिसीव्हरवर बोलतच होती, आणि रिबेकाने शब्दन्‌शब्द लिहून घेतला होता. दाऊदभाईंनी खिशातून बाइंडिंगची एक चिठ्ठी काढली. चष्मा लावला. त्यांनीही तसंच लिहून घेतलं होतं.

‘आईनी सांगितलं,’ ते वाचू लागले, ‘माफ केलं, माफ केलं, माफ केलं. तीनदा. आणि म्हणाल्या, मी पण माफी मागते. सोडून मी गेले, तो नाय गेला. त्यानं माफ केलं का, ते मला ऑपरेशनच्या आधी सांगायला सांगा.’

चिठ्ठीची घडी घालून त्यांनी ती माझ्या हातात दिली. मग डबा उचलला आणि म्हणाले, ‘चला. कार्ड दोन आणून ठेवलीत.’

आईचं ऑपरेशन नीट झालं, त्यानंतर ती पाच वर्षं जगली, हे आत्ताच सांगून टाकतो, कारण मला इथेच थांबायचंय. आम्ही दोन गल्ल्या चालत गेलो. दाऊदभाईंच्या दारात माझा हात वर गेला. रिकामी, ऑइलपेंट मारलेली चौकट होती ती, तिला ना डबी ना खाच. मी हात लावला, बोटं ओठांना लावली आणि आत गेलो. अश्दोदला तारे दिसायला अजून तास होता, तोवर मी डब्यातलं जेवलो. मग दाऊदभाईंनी नंबर फिरवला. ठाण्याला रिबेकाने जिन्यापलीकडून वायर ओढली, कुलकर्णी वहिनी म्हणे बाजूला उभ्याच होत्या. खरखर झाली. मी खिडकीकडे तोंड करून, छाती भरून ओरडलो, ‘आई, मी माफ केलं.’

पलीकडून अगदी स्वच्छ, शेजारच्या खोलीतून यावा तसा आवाज आला.

‘हळू बोल रे. ऐकू येतंय मला.’